चाळीस कळा, तेरा तारा

दोन वर्षांपूर्वी आमच्या संस्थेतील अडगळीची खोली रिकामी करायची होती. जळालेली रोहित्रे, डाग पडलेले आरसे, कोणत्या उपकरणाचे हे कुणालाच न आठवणारे खटके अशा ढिगात एक काळी चपटी पेटी हाती लागली. लांबी २३३ मिलिमीटर, रुंदी १४४ आणि जाडी जेमतेम ३०. वर राखाडी रबराची चाळीस बटणे, उजव्या कोपऱ्यात लाल, पिवळा, हिरवा आणि आकाशी असे चार तिरके पट्टे. १९८२ साली इंग्लंडमध्ये निघालेला हा 'झेडएक्स स्पेक्ट्रम' नावाचा घरगुती संगणक. भंगारवाला दाराशी उभा होता. निदान चालतो का ते पाहू, म्हणून आम्ही पेटी बाजूला काढून ठेवली.

चित्रनळीचा एक जुना दूरचित्रवाणी संच मिळवला, यूएचएफ पट्ट्यातील ३६ वी वाहिनी जुळवली आणि वीज दिली. पडदा पांढरा झाला. तळाशी कंपनीचे नाव आणि १९८२ हे साल उमटले. चाळीस वर्षांनंतरही आतले मंडल जिवंत होते! बटणे दाबून पाहिली तेव्हा मात्र क्यू, डब्ल्यू, ई, आर आणि टी ही शेजारशेजारची पाच बटणे काहीच बोलेनात. बाकीची पस्तीस व्यवस्थित चालत होती. एकदम पाचच का, आणि तीही ओळीने? उत्तर वाचण्यापूर्वी वाचकांनी क्षणभर विचार करून पाहावा.

आम्ही तळाचे पाच स्क्रू काढले आणि झाकण उचलले. इथे आमच्याकडून चूक झाली. कळफलकापासून मुख्य मंडलपट्टीकडे प्लॅस्टिकच्या दोन पातळ पट्ट्या जातात. झाकण हळूच कलते करून आधी त्या सोडवून घ्यायला हव्या होत्या. आम्ही उत्साहाच्या भरात झाकण सरळ वर ओढले. वाळके पान मोडावे तशा दोन्ही पट्ट्या मोडल्या. आता पाचच नव्हे, चाळीसही बटणे मुकी झाली. विचार करणारा भाग धडधाकट, पण त्याच्याशी बोलण्याचा मार्गच बंद.

नवा कळफलक बसवायचा, तर कसला? मूळच्यासारखाच, की याहून चांगला? आणि पेटी जुनीच ठेवायची की तीही नवी घ्यायची? दिसायला हा दुरुस्तीचा प्रश्न. पण नेमका हाच प्रश्न १९८४ साली या यंत्राच्या हजारो मालकांपुढे उभा होता, आणि त्याला त्या वेळी मिळालेली उत्तरे संगणकाच्या इतिहासात पाहण्यासारखी आहेत.

केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च या कंपनीचे सारे गणित किमतीभोवती फिरत असे. क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९८० साली 'झेडएक्स ८०' आणला. तयार यंत्राची किंमत ९९ पौंड ९५ पेन्स. शंभर पौंडांच्या आत मिळणारा ब्रिटनमधील हा पहिला संगणक. पुढच्याच वर्षीच्या 'झेडएक्स ८१' मध्ये चकत्यांची संख्या २१ वरून चारवर आली आणि किंमत ६९ पौंड ९५ पेन्सवर. या दोन्ही यंत्रांना बटणे अशी नव्हतीच. सपाट प्लॅस्टिकवर अक्षरे छापलेली, त्यावर बोट दाबायचे. बोटाखाली काहीच हलत नसे, त्यामुळे अक्षर उमटले की नाही हे पडद्याकडे पाहूनच कळायचे.

२३ एप्रिल १९८२ रोजी स्पेक्ट्रम जाहीर झाला. मंडलाची रचना रिचर्ड ऑल्टवॉसर यांची, स्मृतीत कायमची कोरलेली बेसिक भाषा स्टीव्ह व्हिकर्स यांची, आणि पेटी व कळफलक रिक डिकिन्सन या तरुण अभिकल्पकाचे. १६ किलोबाइट स्मृतीचे यंत्र १२५ पौंडांना आणि ४८ किलोबाइटचे १७५ पौंडांना. त्याच सुमारास बीबीसीच्या संगणक साक्षरता प्रकल्पासाठी एकॉर्न कंपनीने केलेले 'बीबीसी मायक्रो, मॉडेल बी' हे यंत्र ३९९ पौंडांना मिळे. त्याचा कळफलक टंकलेखन यंत्रासारखा, प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र खटका असलेला होता. असा कळफलक म्हणजे शेकडो सुटे भाग आणि त्यांच्या जुळणीची मजुरी. सिंक्लेअरच्या किमतीत ते बसणे शक्य नव्हते.

डिकिन्सन यांनी काढलेली तोड साधी होती. सर्वांत खाली प्लॅस्टिकचे तीन पापुद्रे. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर विद्युतवाहक शाईने रेषा छापलेल्या, आणि त्या एकमेकींना लागू नयेत म्हणून मधल्या पापुद्र्याला बटणाच्या जागी भोके. त्यावर रबराची एकच अखंड चादर, तिच्यातच चाळीस उंचवटे घडवलेले. सर्वांत वर चाळीस चौकोनी खिडक्या असलेला धातूचा पातळ पत्रा. झाला कळफलक! बोट दाबले की रबर दबते, भोकातून वरची रेषा खालच्या रेषेला टेकते, बोट उचलले की रबर आपोआप वर येते. समीक्षकांनी पुष्कळ टिंगल केली. मेलेल्या माणसाच्या अंगाला हात लागल्यासारखे वाटते, असे म्हणण्यापर्यंत मजल गेली. तरी लोकांनी यंत्र घेतले, कारण ते त्यांना परवडत होते. स्पेक्ट्रमची सारी रूपे मिळून पन्नास लाखांवर यंत्रे खपली असे मानले जाते. आमच्या मते त्या टिंगल झालेल्या रबराचा या आकड्यात मोठा वाटा आहे.

रबराची उणीव भरून काढणारी एक युक्ती भाषेतही होती. 'प्रिंट' हा शब्द पाच अक्षरे टंकून लिहायचा नाही, ओळीच्या आरंभी नुसते पी दाबायचे. जे दाबले की 'लोड'. पडद्यावर पूर्ण शब्द उमटे, स्मृतीत मात्र त्याला एकच बाइट लागे. बोटांचे श्रम वाचले, जागाही वाचली. पण याची किंमत म्हणून एकेका बटणावर अर्थांची गर्दी झाली. पी चेच बटण घ्या. लहान पी, मोठा पी, प्रिंट, अवतरणचिन्ह, टॅब आणि प्रताधिकाराचे चिन्ह, असे सहा अर्थ त्या एका बटणाला होते! काही बटणावर छापलेले, काही वरच्या पत्र्यावर.

आता त्या पाच बटणांचे कोडे. चाळीस बटणांना एकेक स्वतंत्र तार आणि एक सामाईक तार द्यायची म्हटली तर ४१ तारा लागतील. स्पेक्ट्रममध्ये तेराच आहेत. त्या दोन पट्ट्यांपैकी एकीत आठ रेषा आणि दुसरीत पाच. बटणांच्या चार ओळी, प्रत्येक ओळीचे पाच-पाच बटणांचे दोन भाग, म्हणजे एकूण आठ गट. प्रत्येक गटाला एक तार, आणि गटातील पहिले, दुसरे, तिसरे अशा जागेला एक तार. आठ गुणिले पाच बरोबर चाळीस. संगणकाचा झेड ८० हा प्रक्रियक सेकंदाला पन्नास वेळा ही चाळणी लावतो. एका गटाच्या तारेचा विद्युतदाब खाली आणायचा आणि पाच तारांकडे पाहायचे. त्यांतल्या ज्या तारेचा दाब खाली आला असेल, तिथले बटण दाबलेले आहे. मग पुढचा गट. आमच्या यंत्रात आठांपैकी एकच रेषा तुटली होती, म्हणून क्यू ते टी हा एक पूर्ण गट मुका झाला. पाचांपैकी एखादी तुटली असती तर कळफलकभर विखुरलेली आठ बटणे बंद पडली असती. दोष उघड्या डोळ्यांना न दिसताही कुठे आहे ते सांगता येते, याचा हा चांगला नमुना आहे.

हे वर्गात करून पाहता येईल. पुठ्ठ्यावर अॅल्युमिनियमच्या पातळ कागदाच्या तीन पट्ट्या आडव्या चिकटवा. दुसऱ्या पुठ्ठ्यावर तीन उभ्या चिकटवा. मध्ये नऊ भोके पाडलेला तिसरा पुठ्ठा ठेवून तिन्ही एकावर एक बसवा. नऊ खटके आणि सहा तारा. पहिली आडवी आणि पहिली उभी पट्टी यांच्यामध्ये विजेरीचा सेल आणि बल्ब जोडा. त्या दोन पट्ट्या जिथे छेदतात ते भोक दाबले की बल्ब लागेल. आता ते भोक सोडून द्या. त्याऐवजी पहिल्या आडव्या पट्टीवरचे दुसरे भोक आणि दुसऱ्या आडव्या पट्टीवरची पहिली दोन भोके अशी तीन भोके एकदम दाबा. बल्ब लागतो! चौकोनाचे तीन कोपरे दाबले तर न दाबलेला चौथा कोपराही दाबल्याचा भास होतो. खऱ्या स्पेक्ट्रमवर क्यू, डब्ल्यू आणि ए एकदम दाबले तर एस दाबल्यासारखे वाटते ते याच कारणाने. विद्यार्थ्यांना प्रवाहाचा मार्ग बोटाने दाखवायला सांगावे. पहिल्या झटक्यात फार थोड्यांना दाखवता येतो.

ऑक्टोबर १९८४ मध्ये कंपनीने 'स्पेक्ट्रम प्लस' आणला. लांब, धारदार कडांची नवी पेटी, तिरपे ठेवण्यासाठी खाली पाय, कडक प्लॅस्टिकची ५८ बटणे आणि डाव्या अंगाला यंत्र पुन्हा सुरू करण्याचे एक बटण. किंमत १७९ पौंड ९५ पेन्स. वर्षभर आधीच, १९८३ मध्ये, रबरी बटणांच्या ४८ किलोबाइट यंत्राची किंमत १२९ पौंड ९५ पेन्सवर उतरली होती. म्हणजे पन्नास पौंड जादा, आणि आत मंडल तेच, प्रक्रियक तोच, स्मृती तेवढीच. सोबत काही प्रोग्रॅमच्या कॅसेट मिळत. पण खरे पाहता गिऱ्हाईक पेटीचे आणि बटणांचे पैसे देत होते.

मंडल तेच असल्यामुळे जुन्या मालकांसाठी कंपनीने पेटी-कळफलकाचा संचही विकायला काढला. आपला जुना स्पेक्ट्रम उघडायचा, मंडलपट्टी काढून नव्या पेटीत बसवायची, दोन पट्ट्या जोडणीत सरकवायच्या.  ज्यांनी दोन वर्षांपूर्वी १७५ पौंड मोजले होते, त्यांना पुन्हा पूर्ण यंत्र घ्यावे लागले नाही. यंत्र विकून झाल्यावरही ते बनवणाऱ्याने मागे वळून जुन्या गिऱ्हाइकाकडे पाहावे, ही गोष्ट तेव्हाही विरळा होती.

इथे एक प्रश्न उरतो. बटणे ५८ झाली, मग तेरा तारांचे काय? तारा तेराच राहिल्या. जादा अठरा बटणांपैकी दोन म्हणजे दोन्ही शिफ्टांच्या जुळ्या प्रती. उरलेली सोळा ही मुळात दोन जुन्या बटणांच्या जोड्या आहेत. रबरी यंत्रावर अक्षर खोडायला कॅप्स शिफ्ट आणि शून्य एकदम दाबावे लागे. पूर्णविरामासाठी सिम्बॉल शिफ्ट आणि एम, अर्धविरामासाठी सिम्बॉल शिफ्ट आणि ओ. नव्या कळफलकाच्या पापुद्र्यांची रचना अशी केली, की अशा एका बटणाखाली दोन ठिकाणचे संपर्क एकदम जुळावेत. संगणकाला वाटते की कुणीतरी दोन बोटे वापरली! आतल्या प्रोग्रॅमचे एक अक्षरही न बदलता बोटांची सोय झाली. आम्हाला ही युक्ती मूळ रबराइतकीच पसंत आहे. नव्या यंत्राचे कौतुक मात्र निर्भेळ नव्हते. आरंभीच्या काळात पुष्कळ नग परत आल्याची तक्रार काही दुकानदारांनी केली होती.

कंपनीची वाट न पाहणारेही होते. डीके-ट्रॉनिक्स, फुलर, सागा अशा लहान कंपन्यांनी खऱ्या खटक्यांचे कळफलक आणि भारदस्त पेट्या विकायला आधीच सुरुवात केली होती. मोठ्या बोटांच्या माणसांना, पत्रे आणि हिशेब टंकणाऱ्यांना त्यांचा उपयोग होई. एप्रिल १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणकाचा धंदा अॅमस्ट्रॅड कंपनीने ५० लाख पौंडांना घेतला आणि पुढच्या स्पेक्ट्रमांना चांगली बटणे मूळचीच मिळाली.

आपल्याकडे याच सुमारास दोन वेगवेगळ्या वाटांनी ब्रिटिश यंत्रे आली. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने आणि इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८४-८५ मध्ये 'क्लास' हा शालेय संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, त्यात बीबीसी मायक्रो शाळांना देण्यात आले. ज्येष्ठ शिक्षकांपैकी काहींनी ते हाताळले असतील. दुसरीकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने १९८६ पासून स्पेक्ट्रम प्लस परवान्यावर येथे विकला. त्यामुळे आपल्याकडच्या घरांतून आढळणारे स्पेक्ट्रम बहुधा कडक बटणांचे असतात. रबरी बटणांचे यंत्र दिसले तर ते कुणीतरी परदेशातून सामानात घालून आणलेले असण्याचा संभव अधिक. आमचेही तसेच असावे.

आता आमच्या प्रश्नाकडे येऊ. या जुन्या यंत्रांसाठी आज नवे पापुद्रे, नव्या रबरी चादरी, रंगीत आणि पारदर्शक पेट्या, एवढेच काय खऱ्या खटक्यांचे कळफलकही जगभरातील हौशी लोक बनवून विकतात. मूळ पापुद्र्याचे प्लॅस्टिक काळाने आणि पेटीतल्या उष्णतेने ठिसूळ होते, म्हणून हा भाग बहुतेक यंत्रांत बदलावाच लागतो. त्याबद्दल वाद नाही. तबल्याची पुडी बदलली म्हणून तबला बदलला असे कुणी म्हणत नाही. पण रबर आणि पत्रा?

आमच्यातील एकाचे म्हणणे, सगळेच नवे बसवा. शाळेतली मुले येतात, त्यांना यंत्र वापरू द्या, काचेच्या कपाटातला संगणक काय कामाचा! दुसऱ्याने रबरी चादर भिंगाखाली धरली. बहुतेक बटणांवरची छपाई शाबूत होती, पण ओ, पी, क्यू आणि ए या चारांवरची पार झिजली होती. त्या काळच्या अनेक खेळांत डावीकडे-उजवीकडे जायला ओ आणि पी, वर-खाली जायला क्यू आणि ए वापरत. शास्त्रीय आकडेमोडीसाठी म्हणून सांभाळलेल्या यंत्रावर प्रत्यक्षात काय चालत होते, याचा हा पुरावा! तिसऱ्याने हरकत घेतली, की पी दोन कारणांनी झिजू शकते. कॅसेटवरून कोणताही प्रोग्रॅम चढवताना जे दाबून मग अवतरणचिन्ह दोनदा द्यावे लागे, आणि ते चिन्ह पी वरच आहे. पण मग जे का झिजले नाही? आणि क्यू, ए? वाद तासभर चालला. एक गोष्ट मात्र सर्वांना पटली. ती चादर फेकून दिली असती तर हा वाद करायलाही काही उरले नसते.

शेवटी ठरले ते असे. मंडलपट्टी नव्या पेटीत गेली, नवा पापुद्रा आणि खऱ्या खटक्यांचा कळफलक घेऊन. जुनी पेटी, पत्रा, रबर आणि मोडक्या पट्ट्या एका खोक्यात. वरचा पत्रा आम्ही काढलाच नाही. तो चिकटवलेला असतो आणि उचकटताना एकदा वाकला की पुन्हा सपाट होत नाही. खोक्यात एक कागद आहे, त्यावर काय केव्हा काढले, काय बसवले, आणि पट्ट्या कुणाच्या हातून मोडल्या हेही लिहिले आहे. मंडलपट्टी केव्हाही परत जुन्या घरात जाऊ शकेल. कुठे काही कापले नाही, भोक पाडले नाही.

या मार्गाच्या नेमका उलटा मार्गही निघाला आहे. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून सुरू झालेल्या 'स्पेक्ट्रम नेक्स्ट' या नव्या संगणकाची मंडलपट्टी मुद्दाम अशा मापाची केली, की ती १९८२ च्या जुन्या पेटीत बसावी. त्याची स्वतःची पेटी आणि कळफलक पुन्हा रिक डिकिन्सन यांनीच आखले. २०१८ मध्ये ते वारले, आणि तयार यंत्रे लोकांच्या हाती पडायला २०२० उजाडले. त्यानंतर, नोव्हेंबर २०२४ मध्ये, आतून पूर्णपणे आधुनिक असलेले आणखी एक यंत्र 'द स्पेक्ट्रम' या नावाने बाजारात आले. त्याला मात्र बटणे रबराचीच आहेत. १९८४ साली ज्यापासून सुटका हवी होती, त्यासाठी लोक आता पैसे मोजतात.

कुणाच्या शाळेच्या कपाटात असे यंत्र असेल तर दोन सूचना. मूळ वीजपुरवठा ९ व्होल्टचा आहे आणि त्याच्या खुंटीच्या मध्यभागी ऋण टोक असते. आज मिळणाऱ्या बहुतेक पुरवठ्यांत मध्यभागी धन टोक असते, ते लावले तर मंडल जळू शकते. आधी मल्टिमीटरने पाहावे. आणि झाकण उचलण्याआधी आतल्या दोन पट्ट्या एका हाताने धरून, सरळ वर ओढून सोडवाव्यात. आमच्या मोडलेल्या पट्ट्यांची सूक्ष्मदर्शकाखालील छायाचित्रे आम्ही काढून ठेवली आहेत. शाईच्या रेषेला आडवी गेलेली भेग त्यांत स्पष्ट दिसते.